पिवळं तेवढं वाच

गिंबाल, १२ फेब्रुवारी १९९६

मनांग मर्ली,

वर 'प्रिय' लिहिणार होते, मग राहू दिलं. थोरल्या बहिणीला मनांग म्हणायची आपल्याकडे रीत आहे, ती मोडत नाही. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नकोस.

तुझं पाकीट आलं. वर नाव आईचं, आपल्या नानायचं, आत घडी घातलेला वेगळा कागद माझ्या नावाचा. पाच वर्षांत पहिला. म्हटलं मनांगला काही झालं की काय. उघडते तर काय, धाकटीला हाक मारावी तसं 'इंदाय' आणि लगेच पुस्तक हवंय.

'इंदाय, माझं नर्सिंगचं ते जाडं पुस्तक तुझ्याकडे पडून असेल. आपल्या गल्लीतला मान्वेल सुट्टी संपवून ईस्टरनंतर रियाधला परत येतोय, त्याच्या बॅगेत घालून दे. ऑक्टोबरात अमेरिकेच्या परीक्षेला बसायचं म्हणतेय.'

पडून असेल! मनांग, ते पुस्तक पडून नाही, ते माझ्या उशाशी असतं. मी येत्या जूनमध्ये बोर्डाला बसतेय. हो, तीच मी, तीच परीक्षा, तिसऱ्यांदा. नानायनं तुला कळवलं नसेल, कारण तुझ्या कानावर घालू नकोस म्हणून मीच तिला बजावलं होतं. या वेळी आपटले तर पुन्हा वर्षभर कॉलेजात बसायला लावतात, मगच पुढची संधी. सत्ताविसाव्या वर्षी पांढरा गणवेश चढवून पोरीटोरींच्या बाकावर बसायची माझी तयारी नाही, आणि मला बसवायची आता कुणाची ऐपतही नाही. तेव्हा मी नर्स होते की नाही, ते जूनमध्ये कायमचं ठरणार. म्हणून पुस्तक मिळणार नाही. तुझ्या रियाधला दुकानं असतील, नवी आवृत्ती घे. तुझं पुस्तक तसंही जुनं झालंय, तुझ्या टेपांसारखं.

आणि टेपांचा विषय निघालाच आहे तर तो नाताळ तुला आठवतो का बघ. मी दुसऱ्यांदा नापास झाले होते तो. तुझी पेटी आली. साबण, कॉफी, चॉकलेटं आणि तुझ्या आवाजाची कॅसेट. तुझी कॅसेट आली की अख्खी गल्ली आपल्या बैठकीत जमायची. शेजारची लोला सेपा तर म्हातारपणीसुद्धा पुढच्या बाकावरची जागा धरून बसायची. तू एकेकाचं नाव घेऊन खुशाली विचारलीस. मग म्हणालीस, "आमच्या तेसिंगला सांगा, मी तिला पुस्तकात वाचायचं ते सगळं पिवळं करून दिलं होतं. तेवढंसुद्धा डोक्यात शिरत नाही म्हणजे डोक्यात भुस्सा भरलाय. घास तोंडाशी नेला तरी गिळता येत नाही बाईंना! नानाय, पुरे झालं आता, तिला शेंगदाणे विकायला बसव."

लोक हसले. त्यांना वाटलं, मर्ली गंमत करतेय. मी चॉकलेटं वाटत होते, वाटतच राहिले. ती तुझी शेवटची टेप.

मी शेंगदाणे विकत नाही. शहरात, माझ्याच कॉलेजच्या फाटकासमोर, नोंग इसकोयच्या दुकानात झेरॉक्स काढते. मला शिकवणाऱ्या बाई पुस्तक घेऊन येतात आणि चष्म्यावरून बघतात. "तू तेसिंग ना? अजून इथेच?" मी म्हणते, "हो मॅडम, दोन्ही बाजूंनी काढायचं का?"

तेसिंग


गिंबाल, १८ मार्च १९९६

मनांग,

तुझं उत्तर आलं. नानायला चार पानं, मला चार ओळी.

'नव्या पुस्तकात माझ्या खुणा नाहीत. ड्युटी करून आल्यावर सगळं पुस्तक वाचायला मला कुठे वेळ आहे? पिवळं तेवढं डोळ्यांखालून घातलं की झालं. पुस्तक माझं आहे, ते मला मिळायला हवं.'

माझं आहे! बरं. नानाय तेव्हापासून माझ्यामागे लागलीय. भात वाढताना सुरू होते, "तिनं तुला शिकवलं, घराला पत्रे घातले, तातायचं, तुझ्या बापाचं, आजारपण काढलं, आणि तू एका पुस्तकासाठी अडून बसतेस?" मी म्हटलं, "मी काय तोंड बघायला ठेवलंय का पुस्तक? मला परीक्षा आहे." तर म्हणते, "तिला पण आहे." तिच्या तराजूत तुझं पारडं नेहमीच खाली जातं, त्यात आता पत्र्यांचं वजन.

म्हणून मी असं ठरवलंय. नोंग इसकोय पवित्र आठवड्यात दुकान बंद ठेवतात. मी किल्ली मागून घेतलीय. कागद माझे, यंत्र त्यांचं. सगळं पुस्तक झेरॉक्स करीन, प्रत मी ठेवीन, आणि तुझ्या खुणांसकट तुझं पुस्तक मान्वेलच्या बॅगेत जाईल. पिवळं बघून बघून मला पाठच झालंय, मला आता खुणांची गरज नाही. भुस्सा भरलेल्या डोक्यातसुद्धा इतक्या वर्षांत काहीतरी राहतंच.

या दुकानात राहून एक कळलंय. पोरी पुस्तक झेरॉक्स करून नेतात आणि छातीशी धरून अशा चालायला लागतात की जणू वाचूनच झालं. काही जणी तर पुस्तकाची नुसती रंगरंगोटी करतात. परवा एकीनं पान काचेवर ठेवलं, त्यावर पिवळं, गुलाबी, हिरवं, एक ओळ कोरी नाही. मी विचारलं, "यातलं महत्त्वाचं कुठलं?" ती म्हणाली, "सगळंच, ताई." मग पानभर रंग कशाला घालवला, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण गिऱ्हाईक आहे, गप्प बसले.

तू मात्र तशी नव्हतीस. हे मी कबूल करते, मला आवडत नसलं तरी. तू कॉलेजात होतीस तेव्हाची दुपार मला अजून दिसते. मागच्या अंगणात काइमितोच्या झाडाखाली तू पुस्तक घेऊन बसायचीस आणि मी समोर सुपात शेंगा सोलत. नानायला लसूण घालून तळलेले दाणे जीपच्या थांब्यावर न्यायचे असायचे. तू धडा उघडलास की लगेच वाचायची नाहीस. आधी नुसती मथळ्यांवरून बोट फिरवायचीस आणि एकेका मथळ्याचा प्रश्न करायचीस. 'मूत्रपिंडांचं कार्य' असं छापलेलं असलं की मला विचारायचीस, "इंदाय, माणसाला मूत्रपिंडं नसती तर काय झालं असतं?"

मी म्हणायचे, "शू झाली नसती."

"मग न झालेली शू कुठे गेली असती?"

मी विचारात पडायचे आणि तू हसत वाचायला लागायचीस. एक तुकडा वाचून झाला की पुस्तक मिटून मांडीवर पालथं घालायचीस आणि मला सगळं आपल्या इलोंगोत सांगायचीस. पुस्तकातला इंग्रजी शब्द जसाच्या तसा तोंडातून आला तर ते धरायचं नाही, हा तुझाच नियम. "इंदाय, ऐकतेयस का?" असं मधे मधे विचारायचीस. तू अडखळलीस की मी टरफल फेकून मारायचं, हाही तुझाच नियम. माझा नेम चांगला होता. टरफल लागलं की तू पुस्तक उघडायचीस, तोंड वाकडं करून त्यात काहीतरी खुडबुड करायचीस, आणि पुन्हा मिटून पहिल्यापासून सांगायला लागायचीस. मला अर्ध्याहून जास्त काही कळायचं नाही. पण मोठी बहीण आपल्याला सांगतेय याचंच केवढं वाटायचं!

मग तू बोर्डात वरच्या नंबरानं आलीस, नगरपालिकेनं चौकात तुझ्या नावाचं कापड लावलं, आणि तू गेलीस. माझी कॉलेजची पाळी आली तेव्हा तू रियाधला होतीस. अंगणात झाड होतं, सूप होतं. ऐकणारं कुणी नव्हतं. तुझी टेप आली, "इंदाय, ते जाडं पुस्तक बघून घाबरू नकोस. पिवळं तेवढं वाच, बाकी सगळं भरताड आहे. मी तुझ्यासाठी गाळून ठेवलंय."

मी ते बायबलसारखं मानलं.

तेसिंग


गिंबाल, ८ एप्रिल १९९६

मनांग,

हे पत्र मान्वेलच्या हातात देतेय, पोस्टात नाही. तू ते बसून वाच. ड्युटीवर वाचू नकोस.

गुड फ्रायडेला मी दुकान उघडलं. नानाय आडवी आली होती. "आजच्या दिवशी यंत्र चालवतेस? आज देव मेलेला असतो, आज हाताला लागलं तर जखम भरत नाही." मी म्हटलं, तुझ्या मर्लीचंच काम आहे, मग तिनं वाट सोडली. सगळं शहर मिरवणुकीला गेलेलं, वीज दोनदा गेली नि आली. मी एकेक पान काचेवर ठेवत होते.

तुझ्या लक्षात नसेल, पण पिवळा रंग झेरॉक्समध्ये उमटत नाही. मला ते माहीत होतं, रोजचंच आहे. म्हणून मी छाप जरा गडद केली, निदान थोडी सावली दिसेल म्हणून. सावली नाहीच आली. पण कडेला बारीक बारीक रेघा आल्या. मला वाटलं काचेवर घाण आहे. काच पुसली, पुन्हा तेच. पुस्तक उचलून खिडकीपाशी नेलं, तेव्हा दिसलं. तुझी पेन्सिल. परिच्छेदाच्या बाजूला बरोबरची इवलीशी खूण, इतकी पुसट की पिवळ्याच्या झगमगाटात इतक्या वर्षांत माझ्या नजरेला कधी पडली नाही. यंत्रानं पिवळं खाल्लं आणि पेन्सिल काळी करून माझ्यासमोर ठेवली.

मग मी दोन्ही शेजारी मांडून बसले. जिथे बरोबरची खूण, तिथे पिवळं नाही. जिथे पिवळं, तिथे खूण नाही. पुढचं पान तसंच, त्याच्या पुढचंही तसंच. अर्धं पुस्तक तपासलं तेव्हा कुठे मला ते टरफल आठवलं.

मी टरफल मारायचे आणि तू पिवळं करायचीस.

ती खुडबुड तीच होती, मनांग! जे तुला पुस्तक मिटून सांगता आलं, त्याला तू पेन्सिलीनं बरोबर केलंस. जे सांगता आलं नाही, त्याला रंग लावलास, पुन्हा घोकायला म्हणून. तुझं पिवळं म्हणजे महत्त्वाचं नव्हतंच. तुझं पिवळं म्हणजे तुला न येणारं. आणि रियाधला जाऊन चार वर्षांत तूच ते विसरलीस आणि मला टेपवर सांगितलंस, बाकी सगळं भरताड आहे.

मी तुझं अज्ञान पाठ केलं. अगदी घडाघडा. माझं सगळं कॉलेज त्यात गेलं. वर्गात बाई सांगतील ते उतरवून घ्यायचं, घरी येऊन तुझं पिवळं घोकायचं. कोरं राहिलेलं मी कधी वाचलंच नाही, कारण तू म्हणाली होतीस. आणि कोरं काय होतं? नाडी, ताप, श्वास. पेशंट घाबराघुबरा झाला तर आधी काय बघायचं. दोन पेशंट एकदम हाका मारतायत तर कुणाकडे आधी जायचं. तुला हे येत होतं, तू ते हसत हसत सांगायचीस, म्हणून त्याला रंग लागला नाही. बोर्डाच्या पेपरात मला असल्या रोगांची नावं येत होती जे गिंबालमध्ये कुणाला झाले नाहीत आणि होणार नाहीत. आणि फणफणलेल्या बाळाला आधी काय करायचं, या प्रश्नावर मी पेन्सिल चावत बसले होते. दोन्ही वेळा.

आणि भुस्सा माझ्या डोक्यात!

मी दुकानात खाली फरशीवर बसून रडले. दुःखानं नाही, रागानं. वाटलं, तू समोर असतीस तर ते पुस्तक फेकून मारलं असतं. टरफल नाही, पुस्तक.

आता पुढचं ऐक. घरी येऊन मी पुस्तक बांधलं. कागद गुंडाळला, दोरी बांधली, वर तुझं नाव घातलं. एक शब्द लिहिणार नव्हते. तू पिवळं तेवढं डोळ्यांखालून घालशील, बाकी भरताड म्हणून सोडशील, आणि ऑक्टोबरात अमेरिकेच्या परीक्षेत माझ्यासारखी तोंडावर पडशील. ते पुडकं दोन दिवस टेबलावर होतं. येता-जाता मी त्याच्याकडे बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही.

काल दोरी सोडली. त्यात चांगुलपणा शोधू नकोस. तू नापास झाली असतीस तर का झालीस ते तुला कधीच कळलं नसतं, जसं मला कळलं नव्हतं. तू स्वतःला म्हणाली असतीस की वय झालं, डोकं चालत नाही. मला ते नकोय. कुणी काय केलं ते तुला कळलेलं मला हवंय.

मान्वेलबरोबर झेरॉक्स येतेय. त्यात पिवळं नाही, पेन्सिलीच्या खुणाही मी पांढऱ्या शाईनं झाकल्यात. पुस्तक माझ्याकडे राहील.

तेसिंग


गिंबाल, २७ मे १९९६

मनांग,

तुझ्या पत्राचं पहिलं पान वाचून मी ते फाडणार होते. 'मी असं म्हटलंच नव्हतं, तुझ्या ऐकण्यात चूक झाली असेल.' तुझ्या सगळ्या टेपा नानायच्या पेटीत आहेत, फुलांच्या रुमालात गुंडाळलेल्या. मी ती टेप काढली, लावली. 'पिवळं तेवढं वाच, बाकी सगळं भरताड आहे.' मागे कुणीतरी अरबी बोलतंय आणि तू हसतेयस. नानाय स्वयंपाकघरातून बाहेर आली, ऐकलं, परत आत गेली. तेव्हापासून पत्र्यांचा विषय बंद आहे.

दुसरं पान वाचलं म्हणून हे लिहितेय. हॉस्पिटल तुझा करार पुढे वाढवणार नाही, हे तू नानायला कळवलेलं नाहीस. मीही सांगितलेलं नाही. 'झेरॉक्स उघडली की सगळी पानं सारखीच दिसतात. काय धरू, काय सोडू कळत नाही. एका पानावरून दुसऱ्यावर जाते आणि पहिलं गेलेलं असतं. मला भीती वाटते, इंदाय. कुठे कुठे पिवळं होतं तेवढं लिहून पाठव.'

नाही पाठवणार.

सूड म्हणून नाही, म्हणजे थोडासा सूड आहेच. पण ते तुझं चौदा वर्षांपूर्वीचं न येणं आहे. आज तुला काय येत नाही ते त्यात लिहिलेलं नाही. कदाचित तेव्हा जिथे बरोबरची खूण केलीस ते आज विसरली असशील. रोज एकाच वॉर्डात एकच काम करून माणूस दुसरं सगळं विसरतो. ते तुझं तुलाच काढावं लागेल, आणि ते डोळ्यांनी वाचून निघत नाही. हे मला कुणी शिकवलं? तूच. फक्त मी तेव्हा शेंगा सोलत होते.

मी आता तसंच करतेय. मथळ्याचा प्रश्न, वाचन, पुस्तक मिटून मांडीवर पालथं. ऐकायला नानाय आहे. पहिल्या दिवशी तिला सांगितलं, मी थांबले की टरफल मारायचं. तर म्हणाली, "मला काय कळणार कुठे थांबलीस? तू श्वास घ्यायला थांबलीस तर?" मी म्हटलं, तुला कळेल. आणि कळतं ग तिला! नेमही धरून मारते. परवा शरीरातल्या पाण्याचा आणि मिठाचा धडा चालला होता. मी पहिल्या पायरीलाच गडबडले, कपाळावर टरफल बसलं. म्हातारी म्हणते, "मर्ली पण या मिठाच्या धड्याला अशीच तोंड उघडं टाकून बसायची." मी पुस्तकात बघितलं. तो धडा जवळजवळ सगळा पिवळाधमक आहे.

माझी बरोबरची खूण आता निळ्या पेन्सिलीची आहे, तुझ्या पिवळ्यावरसुद्धा पडते. रंग मी लावत नाही.

सोबत एक कोरी कॅसेट आहे. बाजारातली साधी, तुमच्यासारखी जपानी नाही. मिठाच्या धड्यापासून सुरुवात कर. वाच, झेरॉक्स पालथी घाल आणि यात बोल, आपल्या भाषेत. मग पाठव. ऐकायला मी आहे. तू मला पैसे पाठवलेस, चॉकलेटं पाठवलीस, हे मात्र कधी दिलं नाहीस. मी देतेय. उपकार म्हण हवं तर.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मेणबत्ती वगैरे लावू नकोस.

तेसिंग


गिंबाल, १४ सप्टेंबर १९९६

मनांग,

पेपरात नावं छापून आली. माझं आहे. खालच्या बाजूला, बारीक अक्षरात, नंबरबिंबर काही नाही. चौकात कापड लागलं नाही आणि लावायला सांगायला आम्ही गेलोही नाही. नानायनं पानसितच्या शेवया केल्या आणि लोला सेपाला बशीभर नेऊन दिल्या. लोला म्हणाली, "कुठली, झेरॉक्सवाली पास झाली?" नानाय म्हणाली, "नर्स. माझी धाकटी नर्स." मग वळून घरी आली आणि डोळे बाहीला पुसले.

दुकानात त्या बाई आल्या होत्या. अजून इथेच, असं विचारायला तोंड उघडलं त्यांनी. मी म्हटलं, "महिनाअखेरपर्यंत, मॅडम. मग सरकारी दवाखान्यात." त्यांनी विचारलं, या वेळी काय वेगळं केलंस? मी सांगितलं, जे येत नव्हतं ते शोधलं. त्यांना वाटलं मी टिंगल करतेय.

तुझी कॅसेट आली ती बरोबर सकाळच्या प्रार्थनेहून लोक परतताना. पाकिटावरची तिकिटं बघूनच गल्लीला कळलं. पाच वर्षांनी मर्लीचा आवाज! बैठक भरली, लोला सेपानं पुढचा बाक धरला. मान्वेलची आई तर घरून खुर्ची घेऊन आली.

मनांग, मी या दिवसाची किती वाट पाहिली होती ते तुला नाही कळणार. तू याच लोकांपुढे माझं हसं केलं होतंस. आता तू पहिल्याच वाक्याला चाचरणार, त-त-प-प करणार, आणि हेच लोक ऐकणार. ज्यांनी तुझ्या नावाच्या कापडाखालून जत्रेची जीप नेली होती, ते. मी काहीसुद्धा करायची गरज नव्हती, फक्त बटण दाबायचं होतं. दाबलं.

तू नेहमीसारखी एकेकाची खुशाली विचारलीस. सगळे माना डोलवत होते. मग घसा खाकरलास. "मीठ आणि पाणी," म्हणालीस. "माणसाच्या अंगात पाणी कुठे कुठे असतं..." आणि थांबलीस. टेप फिरत होती. मग तू विचारलंस, "इंदाय, ऐकतेयस का?"

मी बटण बंद केलं. लोला सेपा ओरडली, "अगं, पुढे?" मी सांगितलं, पुढे टेप खराब झालीय, रियाधच्या उन्हानं. कुणाचा विश्वास बसला नाही. मान्वेलची आई खुर्ची उचलून बडबडत गेली, शिकली आणि शेफारली म्हणून.

का बंद केलं ते मला विचारू नकोस. तो प्रश्न त्या लोकांना नव्हता, एवढंच.

सगळे गेल्यावर ऐकली. नानायही बसली, सूप घेऊन. तू अकरा ठिकाणी अडखळलीस. काही जुन्याच जागा आहेत, काही नव्या. पहिल्याच वाक्याला थांबलीस, तिथे तर तेव्हा खूण होती बरोबरची. नानाय प्रत्येक वेळी टेपरेकॉर्डरवर टरफल मारत होती. मी सगळं वेगळ्या कागदावर उतरवून सोबत पाठवतेय. आधी तेवढं वाच, मग झेरॉक्स पालथी घाल आणि पुन्हा पहिल्यापासून सांग. ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे. शेवटी शेवटी तुझा आवाज पूर्वीसारखा लागायला लागलाय. होशील पास.

मग मी कॅसेट उलटली.

दुसऱ्या बाजूला तू माझी माफी मागितलीयस. त्या नाताळच्या टेपेची, पिवळ्याची, पाच वर्षांची. सुरेख मागितलीस. नानाय रडली. एक शब्द चुकला नाही, कुठे थांबली नाहीस, आणि मधे मधे कागद उलटल्याचा आवाज येतो.

कॅसेट परत पाठवतेय. धड्याची बाजू तशीच ठेवलीय, दुसरी मी पुसली. पुन्हा सांग, मनांग. कागद पालथा घालून, आपल्या भाषेत. जिथे थांबशील, तिथे मी खूण करीन.

तेसिंग